ओळंब्याची खुर्ची

त्याला मी पहिल्यांदा ओळखलं तेव्हा तो समोर नव्हताच, त्याचं काम समोर होतं. सातवीच्या वर्गाची भूमितीची परीक्षा चालू होती आणि मी बाकांच्या मागून फिरत होते. परीक्षेत शिक्षकाला मुलांचे चेहरे दिसत नाहीत, माना दिसतात. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की निम्म्या वर्गाच्या मानेवर केस जिथे संपतात तिथली रेघ कमालीची सरळ आहे. समोरच्या कागदावर पट्टी धरून काढलेल्या एकाही रेघेला तिची सर नव्हती. पेपर गोळा करताना मी एकाला विचारलंच, "काय रे, केस कुणी कापले?"

"ओळंब्यानं," तो म्हणाला, आणि माझी नजर त्याच्या वाकड्यातिकड्या त्रिकोणावर गेलेली पाहून घाईघाईने पुढे म्हणाला, "बाई, गुण मानेला मिळणार का?"

मिळाले असते तर तो पहिला आला असता.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. त्याचे वडील गवंडी होते. मुलाची नजर लहानपणापासून अशी, की भिंतीला बोटभर कल असला तरी याला लांबून कळे. हा आपल्याहून मोठा गवंडी होणार, अशी वडिलांची खात्री होती. पण पोराने थापी न उचलता कात्री उचलली. वडील मग जो भेटेल त्याला तोंड पाडून सांगत, "आमचा ओळंबा भिंतीवर लागायचा तो लोकांच्या टाळक्यावर लागलाय." सांगताना तोंड पाडत, पण दर महिन्याला केस कापायला त्याच्याचकडे जात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या इमारतीतून बाहेर पडून कोपऱ्यावर वळलं की त्याचं दुकान. दुकान तसं लहानच. एका भिंतीभर आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, मागे थांबणाऱ्यांसाठी लांब बाक, आणि अगदी आत हात धुण्यापुरती एक खोली, तिचं दार मागच्या बोळात उघडणारं. खिडकीजवळची पहिली खुर्ची ओळंब्याची. दुसरी खुर्ची त्याच्या जोडीदाराची. त्याला सगळे बडबड्या म्हणत, आणि तो हे नाव मानाच्या पदवीसारखं वागवी. कात्री थांबली तरी त्याचं तोंड थांबत नसे. ओळंबा मात्र काम करताना गप्प. तो नुसता गिऱ्हाइकाभोवती फिरे. उजव्या कानापासून सुरुवात, मग मागून वळसा घालून डाव्या कानाशी, मग समोर. खुर्ची फिरती होती, पण त्याने ती कधी फिरवल्याचं कुणाला आठवत नाही. "भिंत फिरत नाही, गवंडी फिरतो," हे वडिलांचं वाक्य त्याने जसंच्या तसं उचललं होतं. न फिरून फिरून त्या खुर्चीचा खालचा खांब गंजून घट्ट बसला होता.

त्याची बायको शर्ट शिवायच्या कारखान्यात तपासनीस आहे. तयार शर्ट तिच्या टेबलावर येतात. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, दोन्ही बाह्या समान आहेत का हे ती बघते, आणि एकतर "पास" म्हणते नाहीतर "परत". आम्ही इमारतीतले तिला वहिनी म्हणतो. ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, म्हणून मला माहीत आहे की ती घरीही हेच दोन शब्द वापरते. लग्न ठरताना तिने नवऱ्याला म्हणे नखशिखांत न्याहाळलं होतं आणि आईला आत जाऊन सांगितलं होतं, "कल्ले दोन्हीकडचे सारखे आहेत. पास."

अपघात झाला तो वर्तमानपत्रात येणार नाही इतका साधा. वहिनीचा धाकटा भाऊ नवी गाडी घेऊन आला होता. दाजींना फिरवून आणतो म्हणाला. ओळंबा मागच्या सीटवर उजवीकडे बसला, पट्टा न लावता. मागे बसल्यावर कोण लावतो? एका चौकात दिवे बंद होते. मेहुण्याला वाटलं, आपण निघू शकतो. उजवीकडून येणाऱ्यालाही नेमकं तेच वाटलं. मेहुण्याच्या कोपराला खरचटलं, एवढंच. ओळंब्याचं डोकं दाराच्या खांबावर आपटलं.

बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता. मी भेटायला गेले तेव्हा त्याचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं होतं, आणि वहिनी शेजारी बसून त्याच्या चादरीच्या दोन्ही कडा सारख्या करत होती. एक झाली की दुसरी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "बाई, हा माणूस मी पास केलेला आहे. तो परत जाणार नाही."

गेला नाही. त्याने डोळे उघडले, हळूहळू बोलायला लागला, माणसं ओळखायला लागला. बडबड्या भेटायला आला आणि तोंडातून शब्द न काढता नुसता उभा राहिला, तेव्हा ओळंबा म्हणाला, "डोक्याला मार मला लागलाय की तुला?" सगळे हसले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वाटलं, आटोपलं.

मग जेवणाची तक्रार सुरू झाली. "इथे अर्धंच वाढतात," तो म्हणाला. वहिनीने पाहिलं तर ताटलीचा उजवा भाग स्वच्छ आणि डाव्या भागातलं सगळं जसंच्या तसं. तिने ताटली फिरवली.

"हे आत्ता कुठून आलं?" त्याने विचारलं, आणि राहिलेलं जेवला.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, तिने मला सांगितलं, आणि मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. त्याचे डोळे उत्तम होते. बिघडली होती ती मेंदूतली हजेरी घेणारी जागा. उजवीकडच्या मुलांची नावं पुकारली जात होती, डावीकडच्या रांगेची पुकारलीच जात नव्हती. ती मुलं वर्गात होती, पण हजेरी घेणाऱ्याच्या लेखी वर्ग तेवढाच. आणि गंमत अशी, की हजेरी घेणाऱ्याला आपण काही गाळतोय हे कळायचा मार्गच नव्हता. वर्गात नसलेल्यांनी हात वर करा, असं म्हटल्यावर कोण हात वर करणार?

घरी आल्यावर हे रोज दिसू लागलं. दारातून जाताना त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटे आणि तो चौकटीवर रागावे. एकाच पायात चप्पल घालून तो जिना उतरे. वर्तमानपत्राची प्रत्येक ओळ मधूनच वाचायला सुरुवात करी आणि म्हणे, "हल्ली काहीही लिहितात, अर्थच लागत नाही."

आमचे हे म्हणाले, "ते मी पूर्ण ओळी वाचतो तरी तसंच आहे."

दाढी तो उजव्या गालाची करी आणि तोंड पुसून आरशापुढून उठे. वहिनी म्हणे, "अहो, अशाने एक पूर्ण नवरा व्हायला मला असे दोन लागतील."

"काय राहिलंय?"

"उरलेला तुम्ही."

उपचाराचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई घरी येत. तरुण, पण शिक्षकाचा धीर असलेल्या. मी त्यांना मनातल्या मनात उत्तम शेरा देऊन टाकला होता. टेबलाच्या, पुस्तकाच्या, आरशाच्या डाव्या कडेला त्यांनी लाल पट्ट्या चिकटवल्या आणि एकच नियम घालून दिला, की लाल पट्टी सापडेपर्यंत मान डावीकडे वळवायची. पट्टी दिसली म्हणजे तिथे जग संपलं, त्याआधी नाही. ओळंबा हे शिकत होता. अपघाताने लुळावलेल्या डाव्या हातात जोर आला, कंगवा धरता येऊ लागला, बोटांमधून केसांची बट सरळ उचलता येऊ लागली. वहिनीच्या जुन्या गंगावनावर त्याने कात्री चालवून पाहिली तेव्हा तो पूर्वीसारखाच गप्प झाला, आणि त्या गप्प बसण्याचाच आम्हाला आनंद झाला.

आता त्याला एकच ध्यास होता. पहिली खुर्ची. बडबड्याने ती कुणाला दिली नव्हती. तिच्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत ठेवून दिली होती आणि कुणी बसायला गेलं की तो म्हणे, "ती सीट आरक्षित आहे." उपचारवाल्या बाईंनी बेताने परवानगी दिली. कात्री आणि मशीन चालेल, शेजारी माणूस पाहिजे, वस्तरा अजिबात नाही. ओळंबा बाईंना म्हणाला, "माझं काही राहत नाही हो आता. पूर्वीसारखं दिसतं सगळं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला दिसणारं सगळं पूर्वीसारखंच दिसत होतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आमचे हे गेले. यांच्या डोक्यावर मधे मोकळं मैदान आणि कडेने कुंपण, त्यामुळे धोका कमी, असा यांचाच हिशेब. हे परत आले तेव्हा मी दार उघडलं आणि बघतच राहिले. उजवीकडचं कुंपण नेटकं छाटलेलं, रेघ पूर्वीसारखी. डावीकडचं तसंच वाढलेलं.

"हे काय?"

"चांगलं झालंय," हे म्हणाले. "त्याने आरसा दाखवला, विचारलं कसं आहे. मी म्हटलं, एक नंबर."

"अहो, पण अर्धं..."

"तुला काय सांगू, त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता. माझ्या तोंडून निघेना. येतोच मी आत्ता." आणि टोपी घालून हे मागच्या बोळाने गेले.

तिथे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. यांच्यानंतर इमारतीतले, समोरच्या गल्लीतले, जुने सगळे एकेक करून ओळंब्याच्या खुर्चीत बसून आले होते. मुद्दाम आले होते, प्रेमाने आले होते. प्रत्येकाने अर्धं डोकं कापून घेतलं, आरशात बघून मान डोलावली, दुकानाबाहेर पडून वळसा घातला आणि मागच्या दाराने त्या हात धुवायच्या खोलीत शिरून बडबड्याकडून उरलेलं अर्धं उरकून घेतलं. बडबड्या पुढे गिऱ्हाइकाला "दोन मिनिटं हं" म्हणून आत सटके आणि फटाफट डावी बाजू साफ करून पुन्हा पुढे येई. या मागच्या शाखेबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आपण त्याला जपतोय.

पकडले गेले ते आमचेच हे, पुढच्या महिन्याच्या खेपेला. वहिनी कारखान्यातून येताना मधला रस्ता म्हणून बोळातून आली, तर मागच्या दारात हे गळ्याशी टॉवेल बांधून, अर्ध्या डोक्याने, पाटावर बसलेले. बडबड्याच्या हातात कात्री. खाली फरशीवर केसांचा थर, आणि ते काही एका माणसाचे नव्हते. पांढरे, काळे, कुरळे, सगळे.

वहिनीने सगळं एका नजरेत पाहिलं. तिचं कामच ते.

"किती दिवस?" तिने विचारलं.

बडबड्या आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलू शकला नाही. "वहिनी, ते... म्हणजे दादाला वाईट..."

"आमच्याकडे सदोष माल मागच्या मागे दुरुस्त करून पुढे पाठवणाऱ्याला काढून टाकतात," ती म्हणाली. "का माहीत आहे? मशीन वाकडं शिवतंय हे कुणाला कळतच नाही. काका, चला."

तिने यांच्या हाताला धरून, टॉवेलसकट, आतल्या दाराने दुकानात आणलं. मी नेमकी तिथेच होते. भाजी घेऊन येताना ओळंब्याला पाहून दोन मिनिटं बाकावर टेकले होते. ओळंबा कात्रीला तेल देत होता. यांना पाहून म्हणाला, "काका, पुन्हा? एवढ्यात वाढले?"

वहिनीने यांना पहिल्या खुर्चीत बसवलं. मग नवऱ्याच्या हातातली कात्री काढून ठेवली आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"डोळे मिटा."

"काय चाललंय?"

"मिटा ना. आता हात फिरवा."

तिने त्याचा तळवा यांच्या उजव्या कानावर ठेवला आणि मागून सावकाश डावीकडे नेला. त्याची बोटं मधोमध पोचली आणि थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली. डोळ्यांची हजेरी चुकत असेल, पण ती बोटं इतकी वर्षं केस वाचत आली होती. त्यांना गंडवता येत नव्हतं. डाव्या कानावरचे लांब केस त्याने चिमटीत धरले आणि तसाच उभा राहिला.

"हे मी केलं?"

"अर्धं तुम्ही केलंत," वहिनी म्हणाली. "तेवढं पास आहे."

यांनी खुर्चीतूनच हळू आवाजात म्हटलं, "तुझं मन मोडायचं नव्हतं रे."

"काका," ओळंबा म्हणाला, "वडील म्हणायचे, भिंत वाकडी आहे हे गवंड्याला न सांगणारा शेजारी तिच्याखाली स्वतःच सापडतो." मग बडबड्याकडे वळून, "आणि तू? इतर वेळी तुझं तोंड बंद होत नाही."

बडबड्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

त्यानंतर ओळंबा काही दिवस दुकानात गेला नाही. आम्हाला वाटलं, खचला. खिडकीशी बसून असे. लाल पट्टीकडे मान वळवी, सरळ करी, पुन्हा वळवी. घरातल्या खुर्चीभोवती चालून दाखवी तेव्हा म्हणे, "बाई, मी असा फिरायला निघतो, फिरतोही, पण अर्ध्यात काम झाल्यासारखं वाटतं आणि पाय आपोआप मागे येतात. इतकी वर्षं या फिरण्यावर जगलो, आणि तेच दगा देतंय." तो हे चिडून सांगत नव्हता. एखादा अडलेला हुशार मुलगा गणिताकडे बघतो तसा तो बघत होता. असा मुलगा अडतो, पण उठून जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे.

एका सकाळी मी खाली काहीतरी द्यायला गेले. तो जेवायला बसला होता. जेवता जेवता थांबला, आणि वहिनीने हात लावायच्या आत त्याने स्वतःच ताटली अर्धी फिरवली. उरलेलं समोर आलं. घास हातात तसाच धरून तो ताटलीकडे बघू लागला.

"काय झालं?" वहिनी म्हणाली. "मीठ कमी आहे?"

"ताटली फिरते," तो म्हणाला.

"मग?"

"मग खुर्ची का नाही फिरत?"

जेवण अर्ध्यावर सोडून तो उठला. दाराच्या चौकटीशी क्षणभर थांबला, मान डावीकडे वळवून चौकट पाहिली, आणि खांदा न आपटता बाहेर पडला. दोन्ही पायांत चपला होत्या.

खुर्ची फिरायला तयार नव्हती. ओळंबा आणि बडबड्या दोघांनी ती आडवी केली, गंज घासला, तेल सोडलं, हातोडीने ठोकलं. बडबड्याचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं. "तुझे वडील वरून बघत असतील तर म्हणतील, पोरगं भिंत फिरवायला निघालं!"

"म्हणू देत," ओळंबा म्हणाला. "त्यांच्या भिंतीला चाक नव्हतं."

शेवटी करकरत ती फिरली. रीत अशी ठरली, की आधी गिऱ्हाइकाचं तोंड आरशाकडे. ओळंबा मागे उभा राहून उजवी बाजू करणार. मग खुर्ची अर्धी फिरवायची. आता गिऱ्हाइकाची पाठ आरशाकडे आणि तोंड ओळंब्याकडे. त्याची डावी बाजू आपसूक ओळंब्याच्या उजव्या हाताला येणार. शेवटी डोळे मिटून तळवा पूर्ण डोक्यावरून फिरवायचा, खुर्चीच्या डाव्या हाताला बांधलेली लाल पट्टी लागेपर्यंत. उपचारवाल्या बाईंना बोलावून दाखवलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सरळ खुर्चीत बसून म्हणाल्या, "माझी टोकं कापा थोडी." एकटे आमचे हे कुरकुरले. "माझं मलाच दिसत नाही की!"

"आरशाला थोडा आराम," वहिनी म्हणाली.

सराव चालू राहिला, पण बडबड्या शेजारी उभा असे, सगळे सूचना देत, "दादा, तिकडे, तिकडे," आणि कुणाचं श्रेय कुठलं ते कळेना. तेव्हा वहिनीने अट घातली. एक डोकं, पूर्ण एकट्याने. कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मग ती तपासणार. पास झालं तर खुर्ची त्याची. परत आलं आणि कुठे चुकलं ते त्याचं त्याला सापडलं नाही, तर टॉवेल पुन्हा खुर्चीवर आणि ओळंबा बाकावर, नेहमीकरता.

"मान्य," ओळंबा म्हणाला. "डोकं कुणाचं?"

"ते मी आणीन."

रविवारी ती आपल्या भावाला घेऊन आली. अपघातानंतर तो या गल्लीत फिरकला नव्हता. दवाखान्यात यायचा, पण दाजी झोपलेले असताना. केस मानेपर्यंत वाढले होते. त्याच्या डोक्यात दोन भोवरे, त्यामुळे केस दोन दिशांना पळणारे. कुठल्याही कारागिराला घाम फोडणारं डोकं होतं ते. वहिनीने परीक्षेचा पेपर सोपा काढला नव्हता.

"बसा मेहुणे," ओळंबा म्हणाला.

मेहुणा आरशाकडे तोंड करून बसला, आणि आरशात दाजी दिसू नयेत म्हणून त्याने नजर मांडीवर लावली. आम्ही सगळे बाकावर. बडबड्याने तोंडात रुमाल कोंबला होता, आणि मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कात्री सुरू झाली. उजवा कान, उजवी बाजू, मागचा अर्धा भाग. हात पूर्वीसारखा, घाई नाही, थांबणं नाही. मग नेहमीच्या जागी पाय अडखळले. ते मागे वळणार, तोच ओळंब्याने मान डावीकडे वळवली, खुर्चीच्या हाताची लाल पट्टी शोधली, आणि खुर्ची फिरवली.

मेहुण्याची पाठ आरशाकडे झाली. आता त्याच्या समोर आरसा नव्हता. हातभर अंतरावर दाजींचा चेहरा होता, कपाळावरच्या व्रणासकट. त्याने मान आणखी खाली घातली.

"मान वर," ओळंबा म्हणाला. "रेघ बिघडते."

मान वर झाली. डोळे भरलेले. कात्री त्याच्या डाव्या कानाशी चालू झाली. बऱ्याच वेळाने तो कसाबसा म्हणाला, "दाजी, मी थांबायला हवं होतं त्या चौकात."

आम्ही वहिनीकडे पाहिलं. बोलायचं नाही, अशी अट होती. ती काही म्हणाली नाही.

"हवं होतं," ओळंबा म्हणाला. "आणि मी पट्टा लावायला हवा होता. तू तुझं बघ, मी माझं बघतो. हलू नकोस, हा तुझा दुसरा भोवरा आहे, हा तुझ्यापेक्षा हट्टी आहे."

मेहुण्याला हसू आलं, आणि त्या हसण्याने त्याचं डोकं हललं. "अरे!" ओळंबा ओरडला. बडबड्याच्या रुमालातून काहीतरी आवाज आला.

शेवटी डोळे मिटून तळवा. उजवा कान, मागचा भाग, डावा कान, आणि खाली लाल पट्टीपर्यंत. तो बाजूला झाला.

वहिनी उठली. तिने भावाला खुर्चीतच ठेवून सगळीकडून पाहिलं. पुढून, मागून, दोन्ही कान चिमटीत धरून. मानेवरच्या रेघेवर तिने बोट ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. डाव्या कानामागे ते थांबलं.

"परत," ती म्हणाली.

ओळंब्याने मान डावीकडे वळवली, खुर्ची थोडी आणखी फिरवली आणि खाली वाकून कानामागे पाहिलं. चार केस होते, माझ्या नजरेला तर दिसलेसुद्धा नसते. त्याने ते कापले, हात फिरवला, आणि बायकोकडे बघून म्हणाला, "आता?"

तिने पुन्हा बोट फिरवलं. "पास," ती म्हणाली, आणि टॉवेल झटकायच्या निमित्ताने आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. टॉवेल एकच होता.

बडबड्याने तोंडातला रुमाल काढला आणि साठलेलं सगळं एका दमात बोलून घेतलं.

याला आता बरीच वर्षं झाली. ओळंब्याचं सगळं काही पूर्ववत झालेलं नाही. गर्दीच्या रस्त्यावर वहिनी त्याच्या डाव्या बाजूने चालते. दमला की ओळी पुन्हा मधून सुरू होतात. तो गाडी चालवत नाही. मेहुणा त्याला नेतो, आणि दोघांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. दाढीचं गिऱ्हाईक बडबड्याकडे जातं. आमचे हे अजून महिन्याला कुंपण छाटून घेतात आणि अजून कुरकुरतात. सोमवार सोडून रोज सकाळी ओळंबा स्वतः दुकान उघडतो, खुर्चीच्या खांबाला तेलाचा थेंब सोडतो, आणि तिला एकदा पूर्ण फिरवून बघतो.